लाइन मोकळी, तरी पडद्यावर ३८: एका ग्रामीण डायलिसिस केंद्रातल्या प्रेशर सेन्सरचं प्रकरण

यंत्राला रुग्ण जोडलेला नाही, रक्ताची लाइन (नळी) लावलेली नाही, व्हीनस दाबाचं, म्हणजे शिरेकडे परत जाणाऱ्या रक्ताचा दाब मोजणारं, तोंड हवेला उघडं आहे, आणि पडद्यावर आकडा ३८. तिथे शून्य हवं. एक-दोन मिमीचा (दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) फरक समजू शकतो, ३८चा नाही. शेजारच्या यंत्रावर उणे २१. तिसऱ्याचं शून्य बरोबर होतं, पण दाब दिला की आकडा काही क्षण ढिम्म बसायचा आणि मग रेंगाळत वर चढायचा.

हे केंद्र बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात कितीतरी विहिरींचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि किडनीचे पेशंट गावोगाव भेटतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. योजनेत उपचार मोफत होतात, पण येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. यंत्र बंद पडलं की त्या पाळीतल्या माणसांना अकोल्याला जा म्हणावं लागतं. सोयाबीनच्या सोंगणीत बरेच जण जात नाहीत. एक पाळी चुकवतात आणि अंगावर सूज घेऊन पुढच्या पाळीला येतात. सेन्सरच्या या बिघाडाला किरकोळ तांत्रिक बाब म्हणायला मी तयार नाही, ते यासाठी.

तक्रार दोन ओळींची होती. व्हीनस प्रेशरचा सेन्सर वारंवार जातो, बोर्ड बदलला तरी काही आठवड्यांत पुन्हा तेच. आधी दुरुस्ती करून गेलेल्या माणसाने कारणाच्या रकान्यात ‘व्होल्टेज कमी-जास्त’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे हे कारण लिहिलं की पुढे कोणी विचारत नाही, कारण लाइट कमी-जास्त होतेच. पण त्याच बोर्डावर, त्याच पुरवठ्यावर, दोन बोटं अंतरावर आर्टेरियल दाबाचा, म्हणजे रुग्णाकडून पंपाकडे येणाऱ्या रक्ताच्या दाबाचा, सेन्सर बसलेला असतो. तो एकाही यंत्रावर बिघडला नव्हता. विजेने बिघाड झाला असता तर दर वेळी नेमका व्हीनसचाच सेन्सर का गेला असता?

या दोघांत फरक आहे तो दाबाच्या दिशेचा. रक्तपंपाच्या आधी ओढ असते, साधारण उणे १०० ते उणे २०० मिमी पारा, त्यामुळे तिथलं रक्त सेन्सरकडे सरकत नाही. पंपाच्या पुढे, डायलायझरमधून (रक्त गाळणाऱ्या भागातून) रक्त परत शिरेकडे जातं तिथे दाब अधिक असतो, १०० ते २००च्या घरात. वाट मिळाली तर रक्त सेन्सरकडे जाणार ते याच बाजूने. म्हणून विजेचा विचार बाजूला ठेवून मी ओल शोधायला लागलो.

सेन्सर आणि त्याच्या दारातला पडदा

रक्ताने सेन्सरपर्यंत कधीच पोचायचं नसतं. परतीच्या नळीवर एक छोटी कुपी असते, ती व्हीनस चेंबर. तिचा खालचा भाग रक्ताने भरलेला असतो आणि वर थोडी हवा असते. त्या हवेतून एक बारीक नळी निघून यंत्राच्या तोंडाला लागते. दाब पोचतो तो या हवेच्या मार्फत. नळी आणि यंत्र यांच्यामध्ये एक लहानशी पारदर्शक चकती बसवलेली असते, तिला सगळे नुसतं ‘प्रोटेक्टर’ म्हणतात. तिच्या आत पाणी धरून न ठेवणारा पडदा असतो, ०.२ मायक्रॉन छिद्रांचा. हवा आरपार जाते, रक्त अडतं.

यंत्राच्या आतला सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा अतिशय पातळ पापुद्रा, आणि त्यावर ब्रिजच्या पद्धतीने जोडलेले चार रोध. दाबाने पापुद्रा किंचित वाकतो, रोध बदलतात, काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि त्याचा आकडा पडद्यावर येतो. असा सेन्सर कोरड्या हवेसाठी बनवलेला असतो. दाब मर्यादेच्या थोडा वर गेला तरी तो सोसतो, ओल मात्र सोसत नाही. सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे एका थेंबात जवळपास अर्धा मिलिग्रॅम. एवढुशा चिपवर तो थेंब वाळला की मीठ तिथेच राहतं, पावसाळ्यात ओल धरतं, ब्रिजच्या जोडांमधून विजेची गळती सुरू होते आणि शून्य जागचं हलतं. आत शिरलेलं रक्त असेल तर वाळून त्याची खपली होते आणि सेन्सरपर्यंत जाणारं भोक बुजतं.

मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, टी-जोडाने लावून १००, २००, ३०० असे दाबाचे टप्पे दिले. पहिल्या यंत्रावर प्रत्येक टप्प्याला तोच, ३८च्या आसपासचा फरक. म्हणजे मोजमापाचा चढ ठीक होता, फक्त शून्य सरकलं होतं. दुसऱ्याचंही तसंच, उलट दिशेला. तिसऱ्यावर आकडा शेवटी बरोबर येत होता, पण उशिरा. पहिली दोन चिन्हं मिठाची, तिसरं बुजलेल्या वाटेचं.

तिघांत मला जास्त धास्ती तिसऱ्याची वाटली. व्हीनस दाबाचा अलार्म असतो तो बऱ्याच अंशी सुई निसटली तर कळावं म्हणून. पंप मिनिटाला ३०० मिलीने चालू असेल आणि शिरेकडची सुई निघाली, तर तीन-साडेतीन मिनिटांत लिटरभर रक्त चादरीत जातं. सुई निसटल्यावर दाबात पडणारा फरक मुळातच मोठा नसतो. तो फरक सेन्सरला उशिरा कळला, किंवा भिजलेल्या पडद्याआड अडकून कळलाच नाही, तर पडद्यावरचा आकडा शांत राहतो आणि माणूस पांढरा पडत जातो. हा धोका ओळखण्यासाठी बोर्ड जळण्याची वाट पाहावी लागत नाही. एक भिजलेला प्रोटेक्टर पुरतो.

मागची पत्र्याची बाजू उघडली. आतल्या पारदर्शक नळीत, तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत, तपकिरी ओघळ वाळलेला होता. अशा यंत्रांत तोंडाच्या आतल्या बाजूला आणखी एक फिल्टर असतो, बाहेरचा फसला तर शेवटचा अडसर म्हणून. तिसऱ्या यंत्रात तो होता आणि चहाच्या रंगाचा झाला होता. पहिल्या दोन यंत्रांत तो नव्हताच. बोर्ड बदलताना त्या जागी सिलिकॉन नळीचा तुकडा जोडून दिलेला होता. फिल्टर हाताशी नसेल म्हणून तात्पुरतं केलं असेल. पण तात्पुरतं म्हणून कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला अजून खुपते. यंत्राच्या बाहेरून काहीही दिसत नाही. बाहेरचा प्रोटेक्टर लावणाऱ्या सिस्टरला कसं कळावं की आतला अडसर आता नाही?

चकतीचा फुगवटा

रक्त आत गेलं हे कळलं, तरी बाहेरचा प्रोटेक्टर फसला कसा, हा प्रश्न उरलाच. डॉक्टरांच्या परवानगीने वैद्यकीय कचऱ्याच्या लाल पिशवीत जाणाऱ्या लाइनींमधले वापरलेले प्रोटेक्टर काही दिवस बाजूला ठेवायला सांगितले. एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवलेले प्रोटेक्टर हातमोजे घालून कापले आणि भिंगाखाली पाहिले. बहुतेक कोरडे आणि पांढरेशुभ्र होते. जे लाल झालेले होते त्यांतल्या काहींचा पडदा मधोमध फुगलेला होता आणि फुगवट्याच्या टोकाशी बारीक चीर होती.

फुगवटा रुग्णाकडच्या बाजूला होता. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी खूण हीच. रक्ताच्या दाबाने पडदा फुगला असता तर यंत्राकडे फुगला असता. इथे दाब उलट्या बाजूने, यंत्राकडून आला होता. आणि यंत्र त्या तोंडातून एवढा दाब देत नाही.

तंत्रज्ञ मुलगा कामाला पक्का. लाइन लावताना त्याच्या हाताकडे बघत राहावं. त्याला मी चकती दाखवली आणि विचारलं. त्याने काही लपवलं नाही.

“सर, रगत चढलं का प्रोटेक्टर लाल होते. मंग प्रेशर दाखवत नाई, अलार्म वाजत राह्यते. मंग मी त्याले काढतो, इकून शिरिंज लावतो अन् जोरानं फुकतो. रगत खाली उतरते, मशीन चालू होते.”

“बदलत काहून नाही?”

“बदलाले दुसरा पाह्यजे ना सर. सेटसंगं एकच येते. स्टोअरले मांगितला तं म्हन्ते, सेट घ्या नवीन.”

चार तासांच्या उपचारात मधेच एका चकतीपायी रक्ताच्या नळ्यांचा पूर्ण सेट बदलायचा, म्हणजे रुग्णाचं तेवढं रक्त वाया जाणार. त्यापेक्षा शिरिंजने फुंकर मारलेली बरी, असं त्याला वाटलं तर त्यात कामचुकारपणा नाही. त्याला कोणी वेगळा प्रोटेक्टर दिला नाही, आणि फुंकर मारल्याने काय होतं हेही सांगितलं नाही.

काय होतं ते सांगतो. पडदा कोरडा असेपर्यंत हवा सहज जाते. रक्त बराच वेळ टेकून राहिलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश पडद्याचा पाणी झिडकारण्याचा गुण कमी करतात आणि छिद्रं भरतात. ०.२ मायक्रॉनच्या छिद्रात बसलेला द्रव हवेने बाहेर ढकलायचा तर साध्या फुंकरीने भागत नाही. तिथे शिरिंजचा जोर लागतो. अंगठ्याने पाच किलोचा जोर सहज लागतो. १० मिलीच्या शिरिंजचा दट्ट्या साधारण १५ मिमी व्यासाचा, म्हणजे आत तयार होऊ शकणारा दाब सुमारे २,००० मिमी. २ मिलीच्या शिरिंजचा व्यास ९ मिमीच्या आसपास, तिथे हाच जोर साडेपाच हजारांच्या वर जातो. शिरिंजमध्ये हवा भरलेली असली तर ती आधी दबते, म्हणून प्रत्यक्षातला दाब याहून कमी राहतो. तरीही उपचारातल्या १००-२००शी त्याची तुलनाच होत नाही. लहान शिरिंज घेतली की हात हलका पडतो असं वाटतं. होतं नेमकं उलटं. पडदा फाटतो, अडकलेलं रक्त खाली जातं, आकडा पुन्हा दिसायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. खरं म्हणजे आता मधे पडदाच उरलेला नसतो. पुढच्या वेळी दाब चढला की रक्त सरळ यंत्रात.

शिरिंजने असं काही करू नये, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने डायलिसिसमधल्या या धोक्याबद्दल १९९९ मध्येच इशारा दिला होता. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००१ च्या शिफारशींतही बाहेरचा प्रोटेक्टर दर रुग्णागणिक नवा वापरावा असं आहे. आपल्या तालुक्याच्या केंद्रांत मात्र ही गोष्ट यंत्राच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात राहिली.

मुळात रक्त एवढं वर का चढतं

जोड सैल असला की हवा हळूहळू निघून जाते आणि तिच्या जागी रक्त चढतं. हे सगळीकडे होतं, आणि लाइनचा जोड हाताने नीट पिळला की थांबतं. इथे कारण वेगळं निघालं. सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये लाइट गेल्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. प्रोटेक्टर लाल झाल्याचे दिवस त्यांच्याशी ताडून पाहिले तर बहुतेक जुळले. मे-जूनमधली संध्याकाळ, पावसाआधीचं वादळ, फीडर बंद, आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ.

यंत्रात बॅटरी असते, ती तेवढा वेळ पंप चालवते. पण या बॅटऱ्या सीलबंद लेड-ॲसिडच्या. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा हिशोब धरतात. ४५ अंशांचा उन्हाळा आणि रात्री एसी बंद असलेली खोली यात त्या मेल्या होत्या. लाइट गेली की पंप तिथल्या तिथे बंद. रक्त थांबलं की गोठायला लागतं, म्हणून धावत जाऊन हँडलने पंप हाताने फिरवायचा. ही धावपळ मी पाहिली आहे. अंधारात मोबाइलचा टॉर्च दातांत धरून फिरवणारी सिस्टरही पाहिली आहे. तिच्या तत्परतेला माझा सलाम आहे.

पण वीज गेली की यंत्राचा व्हीनस क्लॅम्प, म्हणजे शिरेकडच्या लाइनवरचा चिमटा, आपोआप मिटतो. हवा रुग्णाकडे जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला आहे. हाताने पंप फिरवण्याआधी लाइन त्या क्लॅम्पमधून काढायची असते आणि हवेवर स्वतः नजर ठेवायची असते. ते राहून गेलं तर पुढची वाट बंद आणि मागून पंपाचा रेटा. पंपाच्या एका फेरीत ८ ते १० मिली रक्त पुढे जातं. चेंबरमधली हवाही जेमतेम तेवढीच, १०-१५ मिली. डायलायझर आणि नळ्या थोडं सामावून घेतात, तरी दोन-तीन फेऱ्यांत हवा चेपून रक्त प्रोटेक्टरला जाऊन धडकतं. यंत्राची स्क्रीन काळी असल्याने किती दाब झाला हे कोणाला दिसत नाही. लाइट आली की अलार्म वाजतो, आकडा येत नाही, आणि शिरिंज निघते.

रुग्णांना सांगणं

सेन्सर महाग आहे, पण तो बदलता येतो. खरी चिंता यंत्राच्या आत वाळलेल्या रक्ताची होती. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. त्या नळीतून रक्त वाहत नाही, ती हवेची बंद गल्ली आहे, त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्यात थेट जात नाही. पण आतली बाजू आधीच्या रक्ताने माखलेली आणि पुढच्या रुग्णाचा प्रोटेक्टरही फाटलेला, अशा वेळी दोन्हींचा संबंध येऊ शकतो. तीनही यंत्रं त्याच दिवशी बंद केली. हिपॅटायटिस बी-पॉझिटिव्ह रुग्णांचं यंत्र वेगळं होतं आणि ते या तिघांत नव्हतं, एवढा दिलासा.

डॉक्टरांनी रुग्णांना सांगायचं ठरवलं. न सांगता गुपचूप तपासण्या करता आल्या असत्या, तसा सल्लाही त्यांना मिळाला होता. त्यांनी तो ऐकला नाही याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पन्नाशीतल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याने सरळ विचारलं, “म्हंजे दुसऱ्याचं रगत माह्या आंगात गेलं का?” डॉक्टरांनी कागदावर चेंबर, नळी आणि चकती काढून दाखवली, वर सांगितलेलं सगळं साध्या शब्दांत सांगितलं आणि म्हणाले, शक्यता कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही, म्हणून तपासू. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, काही महिन्यांनी पुन्हा झाल्या. दोन्ही फेऱ्यांत नवा संसर्ग निघाला नाही. ज्यांचं बीचं लसीकरण अर्धवट राहिलं होतं ते या निमित्ताने पूर्ण करायला घेतलं.

काय बदललं

पहिली गोष्ट, प्रोटेक्टर सेटपासून वेगळे मागवले. काही रुपयांची वस्तू, पण इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीच्या यादीत, तिची ओळच नव्हती, म्हणून ती येत नव्हती. आता प्रत्येक यंत्राच्या बाजूला डबीत जादाचे प्रोटेक्टर आणि एक आर्टरी फोर्सेप (नळी दाबून धरायचा चिमटा) ठेवलेला असतो. लाल दिसला की पंप थांबवायचा, बारीक नळी त्या फोर्सेपने दाबायची, जुना काढून नवा लावायचा, मग यंत्रावरच्या लेव्हलच्या बटणाने चेंबरमधली पातळी खाली आणायची. नळीतलं रक्त त्यासोबत उतरतं, त्याच्या मागे शिरिंज घेऊन लागायचं नाही. काढलेला प्रोटेक्टर उजेडात धरून यंत्राकडची बाजू बघायची. कोरडी असेल तर उपचार पुढे चालू. तिथे लाली दिसली तर ही पाळी संपल्यावर यंत्र बाजूला, आणि आतलं उघडून पाहिल्याशिवाय पुढचा रुग्ण नाही.

काही केंद्रांत एकापुढे एक दोन प्रोटेक्टर लावतात. मला ते पटतं, पहिला भिजला तरी दुसरा उभा असतो. मात्र त्याने एक जोड वाढतो, आणि सैल जोड हेच रक्त चढण्याचं नेहमीचं कारण. दोन लावले म्हणून बघणं सुटता कामा नये. इथे आतले फिल्टर परत बसवले, त्यावर तारीख लिहिली आणि महिन्यातून एकदा उघडून पाहायचं ठरलं.

हँडलच्या शेजारी तंत्रज्ञ मुलाने स्वतः लिहिलेला कागद लॅमिनेट करून चिकटवला आहे: “आधी लाइन क्लॅम्पातून काढा, मंग हँडल फिरवा. हवेवर लक्ष.” मी लिहून दिलेला मजकूर चार ओळींचा होता. त्याचा कागद चांगला आहे, तोच ठेवला.

सर्व्हिस मेनूत जाऊन ३८ चं शून्य करता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तसं करून बघू असा आग्रहही झाला. ओल लागलेल्या सेन्सरवर ते करू नये असं माझं ठाम मत आहे. मिठाने सरकलेलं शून्य जागेवर राहत नाही. आज ३८, दमट दिवसात ५०, कोरड्या दिवसात २०. आज शून्य केलं तर उद्या तोच सेन्सर दाब कमी दाखवेल की जास्त, हे कोणी सांगू शकणार नाही. आणि अलार्मच्या मर्यादा त्याच आकड्यावर बसतात.

पहिल्या दोन यंत्रांचे सेन्सर बदलले. तिसऱ्याचा सेन्सर शाबूत निघाला. नळी आणि आतला फिल्टर बदलून तोंडाचं निर्जंतुकीकरण केल्यावर १००, २००, ३०० च्या टप्प्यांवर आकडा लगेच येऊन थांबतो. बॅटऱ्यांपैकी चार आल्या, दोन अजून मागणीत आहेत. त्या येईपर्यंत ती दोन यंत्रं फक्त सकाळच्या पाळीला लावायची, संध्याकाळी नाही, असं सिस्टरांनी वेळापत्रकात घालून टाकलं आहे.